हद्दीखालचा कोळसा

"थांबा तिथेच! पुढचं पाऊल टाकलंत तर आमच्या हद्दीत याल."

मालनने उचललेलं पाऊल तसंच धरलं. दगड रचून घातलेल्या गडग्याच्या पलीकडून, करवंदीच्या जाळीवरून, आधी एक काळी टोपी वर आली. मग कपाळ. मग दोन हसरे डोळे... आणि शेवटी एक नकाशा. एवढा मोठा, की त्यामागे उरलेला माणूस आहे की नाही, तेच कळेना.

"तुमची हद्द?" ती म्हणाली. "जमीन तर आनंदीबाईंची."

"त्यांनीच मला गिऱ्हाईक आणायला सांगितलंय. लवू भाटकर. दलाल."

"त्यांनी आम्हालाही सांगितलंय. हे भिकाजी नागवेकर, दलाल. माझे बाबा. आणि मी मालन... त्यांचे डोळे."

नकाशा जरा खाली आला.

श्रावणातली दुपार होती. कातळाचं माळरान, म्हणजे सडा, ओला होता, खळग्यांतून जांभळी फुलं उभी होती, आणि ऊन एवढं कोवळं की पाऊस त्याला चुकवून पडत होता. मालनच्या मागे मुंबईच्या गिरणीतून रजेवर आलेला एक जॉबर, म्हणजे मुकादम, उभा. लवूच्या मागे एक निवृत्त मास्तर. दोघांनीही वहाणा काढून हातात घेतल्या होत्या. रत्नागिरीत जमीन नुसती दाखवत नसत, चालून दाखवत. दलाल पुढे, गिऱ्हाईक मागे, सगळे अनवाणी. दलाल जिथे थांबेल तिथे हद्दीचा दगड.

"हा गडगा म्हणजे पूर्वेची हद्द," लवूने नकाशावर बोट ठेवलं. "विहीर शेजाऱ्याची."

भिकाजींना गडगा दिसत नव्हता. दोन वर्षांपासून त्यांना माणसंही धुक्यातल्या होड्यांसारखी दिसत. पण ते हसले.

"गडगा म्हणजे हद्द नाय रे बाबा. गडगा माणूस घालतो. आणि माणूस दरसाल चार बोटं पुढं सरकतो."

ते गडग्याकडे पाठ करून विहिरीच्या बाजूला निघाले. तळपाय जमिनीवर फिरवत, जसा कोणी झोपलेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवावा. विहिरीच्याही पुढे गेले. थांबले.

"मालन, हितं खण."

तिने कोयतीने माती उकरली. वीतभर खाली गेल्यावर बोटं काळी झाली. कोळसा.

जुन्या मोजणीवाल्यांची ती रीत. हद्दीचा दगड रोवताना खाली ओंजळभर कोळसा पुरायचा. दगड लोक उचलून नेतात, झाड तोडतात, गडगा सरकवतात. कोळसा चोरावा असं कोणाला वाटत नाही, आणि तो कुजतही नाही.

म्हणजे विहीर आनंदीबाईंची. मास्तर आणि जॉबर दोघेही एकदम जमीन घ्यायला तयार झाले आणि तिथेच भांडू लागले. त्या गलक्यात मालन लवूजवळ गेली. म्हणाली, "बघू तो नकाशा. तुम्ही कुठे चुकलात सांगते." आणि बोट टेकवलं.

नकाशावर अंगठ्याएवढा काळा ठसा.

"अहो! सरकारी नकाशा आहे तो!"

"मग आता बरोबर झाला," मालन म्हणाली आणि बाबांचा हात धरून उतरणीला लागली.

लवू तिथेच उभा राहिला. मग त्याने वाकून एक कोळसा उचलला, रुमालात बांधला. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तेवीस

एवढे दलाल होते तेव्हा रत्नागिरीत. सन एकोणीसशे चौतीस. बाजाराच्या तोंडाशी पिंपळाच्या पारावर बसायचे सगळे. मिऱ्या गावची हद्द दादूला विचारावी, नाचणे गावची शिवाला, राजिवड्याची मुसाला. दोनचार लिहितेवाचते सोडले तर कागद कोणाकडेच नव्हता. होती ती जीभ आणि तळपाय.

त्यातल्याच एकाने त्या वर्षी एक आंब्याची बाग तीन गिऱ्हाइकांना विकली आणि पळाला. तिघेही परक्या मुलखात घाम गाळून आलेले. एक बाई कचेरीच्या पायरीवर बसून दिवसभर रडली. तेव्हा नियम आले, ते उगाच आले असं कोणी म्हणू नये.

पण आले ते कसे, ऐका. पारावर मालनच वाचून दाखवत होती, कारण तिथे बसलेल्या बाकी कोणाला धड वाचता येत नव्हतं.

*कलम एक. परवान्याशिवाय कोणीही जमीनदलाली करू नये.*

"बरं. परवाना देतील तर घेऊ," दादू म्हणाला.

*कलम दोन. अर्जदाराने नकाशावाचनाची लेखी परीक्षा द्यावी.*

दादूने वाकून कागद उलट्या बाजूने बघितला. 

*कलम तीन. अर्जदाराने प्रत्यक्ष जागेवर हद्द ओळखून दाखवावी.*

"ही आता आमची परीक्षा!" शिवा ओरडला. सगळे हसले. थोडं जास्तच हसले.

*कलम चार. दोन प्रतिष्ठित जामीन. कलम पाच. एका घरास एकच परवाना, घर म्हणजे...*

पाचवं कलम कोणी ऐकलंच नाही. चौथ्यावरच भांडण जुंपलं होतं, प्रतिष्ठित कोणाला म्हणायचं यावरून. मालननेही कागदाची घडी घातली. पुढे ते कलम तिला पाठ होणार होतं, पण तेव्हा ते नुसतंच शेवटचं होतं.

मुसा उठला, लुंगी झटकली. "मी चाललो बोटीवर. चुलता खलाशी आहे, तो लावून घेईल."

"अरे, परीक्षा तरी दे मुसा!"

"दर्याला हद्द नाही, दादू. म्हणून तिथं दलाल लागत नाही आणि परीक्षाही नाही." तो हसत गेला. वळणावर पोचेपर्यंत हसत होता. तिथून पुढचं कोणी पाहिलं नाही.

चौदा

एवढ्यांनीच अर्ज भरले.

भिकाजींनी भरला नाही. ओटीवर बसून म्हणाले, "चाळीस वर्षं पायानं वाचतोय गो. आता कागदाला पाय लावून वाचू काय?"

"मी भरते," मालन म्हणाली.

"तू? बाईमाणूस?"

"कलमात 'अर्जदार' लिहिलंय. पुरुष लिहिलेलं नाही. मी दोनदा वाचलं."

चौथ्या दिवशी लवू त्यांच्या दारात उभा होता. एका हातात तोच नकाशा, दुसऱ्या हातात झाकण लावलेलं पातेलं.

"कलम दोन मला येतं," तो म्हणाला. "कलम तीनमध्ये मी नापास होणार. तुमचं उलटं आहे. तेव्हा... मी कागद शिकवतो. तुम्ही जमीन शिकवा."

"आणि पातेलं?"

"बांगड्याचं तिखलं. गुरुदक्षिणा आगाऊ."

"कोणी केलं?"

"मीच. दोन वर्षं गिरणीत होतो. खोलीत नऊ माणसं, आणि सगळ्यांना वाटायचं की कोणीतरी दुसरा रांधेल. तो दुसरा मी."

भिकाजींनी झाकण उघडायच्या आधीच वास घेतला. "त्रिफळं घातलीस वाटतं. बस."

मग दिवस असे गेले. सकाळी ओटीवर कागद. दुपारी सड्यावर पाय.

"ही तुटक रेघ म्हणजे?"

"पायवाट."

"आणि हे टिंब?"

"विहीर. तुम्ही माझ्याकडून जिंकलीत ती."

"विहीर जिंकली आनंदीबाईंनी. मी फक्त हात काळे केले."

"फक्त हात नाही..." लवू नकाशातल्या ठशाकडे बघून म्हणाला. तो त्याने पुसला नव्हता. मालनने पुढची रेघ फार लक्ष देऊन वाचली. ती रेघ नव्हतीच. कागदाची घडी होती.

सड्यावर उलट व्हायचं.

"डोळे मिटा. चाला. काय लागतंय पायाला?"

"काटा."

"त्याच्या आधी?"

"तुमचा आवाज."

"भाटकर!... आवाज पायाला लागत नाही."

"मला लागतोय. त्याला मी काय करू?"

एकदा चालताना त्याला खोकल्याची उबळ आली, कोरडी, लांबलचक. मालन हसता हसता थांबली. त्याने तोंड पुसलं. म्हणाला, "काही नाही. गिरणीतला कापूस. डॉक्टर म्हणाले, पुन्हा त्या खात्यात गेलास तर कापूसच राहील, लवू राहणार नाही. म्हणून तर हा परवाना हवा. मोकळ्या हवेत चालायचं काम दुसरं कुठलं आहे?"

त्या दिवशी ती त्याला चिडवायचं विसरली.

चार

चौदांतल्या पाचांना जामीन मिळाले नाहीत. नऊ परीक्षेला बसले. पास झाले चार. दोन पेन्शनर, लवू, आणि मालन.

दादू नापास. त्याला मिऱ्याची एक जमीन कागदावर काढायला सांगितली होती. त्याने रेघा काढल्याच नाहीत. एक आंबा काढला, एक फणस, खाली तीन नारळ, तिसरा वाकडा. जमीन अगदी तशीच होती. पण ते ताडून बघायला मिऱ्याला जाणारा एकही परीक्षक नव्हता.

मालनने परवाना आणला तो थेट पारावर. पारावर आता पिंपळच जास्त होता. दादू आणि शिवा कडेला बसले होते, पाहुण्यांसारखे.

"उद्यापासून माझ्याबरोबर चालायचं," ती म्हणाली. "कागद माझा. पाय तुमचे. बाबा आहेतच."

दादूने तोंड फिरवलं. बराच वेळ त्याला पिंपळात काहीतरी दिसत होतं.

अशी ती चार माणसं एका परवान्यावर चालू लागली. एक पाचवाही बऱ्याचदा वाटेत भेटे. त्याचं काम नेहमी त्याच बाजूला कसं निघतं, हे शिवाने एकदाच विचारलं. दादूने त्याच्या पायावर पाय दिला.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, भाट्याच्या सुरुबनाशी, लवूने विचारलं.

"मालन... एका गोष्टीची चतुःसीमा लिहिलीये. खरेदीखतात लिहितात तशी. वाचू?"

"वाचा."

त्याने कागद काढला.  "पूर्वेस नागवेकरांची ओटी. पश्चिमेस समुद्र. दक्षिणेस तू हसतेस तो आवाज. उत्तरेस तू रागावतेस तो. या चार हद्दींच्या आत एक माणूस आहे. त्याला बाहेर जाता येत नाही... आणि जायचंही नाही."

'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. मालनच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. वाळूत पायाच्या अंगठ्याने ती काहीतरी काढत होती. मग तिने पाहिलं, ती कलमाचा आकडा काढत होती.

पाच.

"नाही," ती म्हणाली.

"नाही?"

"एका घरास एकच परवाना. लग्न झालं की एक घर. एक कागद परत द्यायचा. माझा दिला, तर बाबा, दादू, शिवा पुन्हा पारावर बसणार. त्यांच्याकडे दुसरं काहीच नाही."

"मग माझा देतो."

"आणि मग? पुन्हा गिरणी? पुन्हा कापूस?"

"खात्यात बदली मागेन... महिन्याकाठी बोटीने येईन..."

"महिन्याकाठी खोकला घेऊन या!" तिचा आवाज चढला. "मला तुम्ही जिवंत हवेत. लांब असलात तरी चालेल, पण श्वास घेणारे."

"हे 'हो' आहे की 'नाही'?"

ती पाठ फिरवून निघाली. सुरूच्या सुया पायाखाली मऊ मोडत होत्या. मागून एकच आवाज आला, "मालन..." आणि मग समुद्राचा.

चार (की तीन?)

पौष गेला. पाचवा माणूस वाटेत भेटेनासा झाला. एकदा बाजारात कोणीतरी म्हणालं, भाटकर मुंबईच्या बोटीची चौकशी करत होता. परवाने दर चैत्रात नवे करायचे. तोवर जाईल म्हणे, कागद परत करून.

त्या दिवशी मालनने भात करपवला.

"काय गो," भिकाजी म्हणाले, "मला दिसत नाय, पण आज वास सगळं सांगतोय."

माघात शिरगावला काम निघालं. सगुणाबाईंचे दोन मुलगे वेगळे झाले होते. घर एकच, पण घरामागचा परसू वाटायचा होता. मालन मागच्या दाराने आत गेली आणि थबकली.

एका स्वयंपाकघरात दोन चुली. मध्ये हातभर अंतर. दोन्ही पेटलेल्या. थोरली सून एकीपुढे, धाकटी दुसरीपुढे, आणि दोघी एकाच विळीवर ओणवून, भांडण नसल्यासारख्या, कोथिंबीर निवडत होत्या.

"घर तर एकच आहे ना?" मालनने विचारलं.

"एकच कसं?" सगुणाबाई म्हणाल्या. "चूल वेगळी म्हणजे घर वेगळं. तलाठ्याच्या वहीतपण दोन लिहिलीत. छप्पर कोण मोजतो गो? चूल मोजतात."

मालन मटकन उंबऱ्यावर बसली.

"बरं नाय का तुला?"

"नाही... म्हणजे, खूप बरं आहे."

परसू तिने त्या दिवशी इतक्या वेगाने वाटला की दादूला धावावं लागलं. घरी येऊन तिने नियमांचा कागद काढला. पाचवं कलम. या वेळी शेवटपर्यंत.

*...घर म्हणजे एका चुलीवर शिजलेले अन्न खाणारी माणसे.*

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. नकाशा वाचतात तसं वाचलं: ही रेघ कुठून निघते, कुठे संपते, आणि बरोबर कुठे पाय ठेवला तर हद्द मोडत नाही.

दुसऱ्या दिवशी ती लवूच्या दारात उभी होती. आत एक ट्रंक उघडी होती, अर्धी भरलेली.

"एक जागा दाखवायची आहे," ती म्हणाली. "परवानाधारक दलाल म्हणून आलेय."

"गिऱ्हाईक कोण?"

"चला तर आधी. आणि वहाणा काढा."

तो तिच्या मागे चालत आला, अनवाणी, अख्ख्या बाजारातून. तिने त्याला ओटीवरून आत नेलं, माजघरातून मागच्या पडवीत. तिथे तिची चूल होती. शेजारी एक कोपरा, ताजा सारवलेला, अजून ओलसर.

तिने कमरेचा कागद काढला. आवाज दलालाचाच ठेवायचा तिने ठरवलं होतं. पहिल्या ओळीपर्यंत तो टिकला.

"पूर्वेस, मालन नागवेकर हिची चूल. पश्चिमेस भिंत. उत्तरेस मागचं दार, मोकळ्या हवेसाठी. दक्षिणेस..." ती थांबली. "दक्षिण रिकामी आहे. तिथे गिऱ्हाइकाने बसायचं. रांधायला."

लवू त्या ओल्या कोपऱ्याकडे वळला.

"दोन चुली, दोन घरं, दोन परवाने," ती भराभर बोलू लागली, थांबली तर रडू येईल म्हणून. "पण लबाडी नको. आपल्याच एका माणसाच्या लबाडीने हे सगळं झालंय. कलम म्हणतं, एका चुलीचं खाणारी माणसं म्हणजे घर. तेव्हा आपण एका चुलीचं खायचंच नाही. माझ्या चुलीवरचं तुम्ही खायचं. तुमच्या चुलीवरचं... मी."

"रोज?"

"रोज."

"जन्मभर?"

"परवाना दरसाल नवा करायचा असतो, भाटकर."

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "लोक घरजावई म्हणतील."

"म्हणू देत. चूल वेगळी आहे, फार तर शेजारी म्हणतील."

त्याने खिशातून रुमाल काढला. तिला वाटलं, डोळे पुसतोय. पण त्याने गाठ सोडली. आत एक कोळसा होता, सड्यावरचा, श्रावणातला.

"हा... अजून?"

"ट्रंकेत सगळ्यात आधी हाच ठेवायचा होता. राहून गेला म्हणून खिशात." तो गुडघ्यांवर बसला. तिची चूल आणि तो कोपरा यांच्या मध्ये, ओल्या सारवणात त्याने बोटाने खळगा केला, कोळसा ठेवला आणि माती ओढली. तिनेही बसून वरून हात फिरवला. दोघांची बोटं काळी झाली. मातीखाली ती काही क्षण एकमेकांत तशीच राहिली.

माजघरातून भिकाजींचा आवाज आला. "झालं काय रे तुमचं? हितं भुकेला माणूस आहे!"

चार

चैत्रात कचेरीतून चौकशीला आप्पा कारकून आले. लग्नाला तेव्हा पंधरा दिवस झाले होते. पडवीत उभे राहून त्यांनी एका चुलीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.

"म्हणजे तुम्ही हिच्या चुलीवरचं?"

"रोज," लवू म्हणाला.

"आणि ही तुमच्या?"

"रोज. ही बघा, कढी उकळतेय."

"आणि मधली हद्द कुठे आहे?"

भिकाजी पुढे आले. तळपाय जमिनीवर फिरवत, सावकाश. थांबले. "हितं. खाली कोळसा आहे. खणून बघा, आप्पा."

आप्पांनी खरंच काठीच्या टोकाने उकरलं. काळं लागलं.  मग त्यांनी वही उघडली.

"घर एक, घर दोन. कलमात बसतंय. कसं बसतंय ते मला विचारू नका." लिहिता लिहिता ते थांबले. "आणि भिकाजी, तुम्हाला कुठल्या घरात घालू?"

"मासे असतील त्या."

आप्पा गेल्यावर लवूने तिच्यापुढे ताट ठेवलं. भात, कढी, तळलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी. समोर बसून तिच्या पहिल्या घासाकडे असा पाहू लागला, जणू अजून एखादी परीक्षा राहिली असावी.

"कशी झालीये?"

तिने भुरका घेतला. डोळे मिटले. उघडले.

"मीठ..."

"जास्त?"

"दादूला बोलवा. नकाशा काढून दाखवेल, किती ते."

"मग टाकून दे... दुसरी करतो..."

"नाही हं," तिने ताट आपल्याकडे ओढलं. "माझं घर आहे हे." आणि तिने सगळं संपवलं.

रत्नागिरीत त्या वर्षी जमिनीचे दलाल चार होते. तीन झाले नाहीत.